थोडी कळ काढ

दिवस भरलेले नाहीत, मेरेआना.
अठ्ठावीस आठवडे, वर तीन दिवस.
चिखलाच्या बुटांसकट आत आलीस
आणि म्हणालीस, पाठ धरलीय,
उताणी पडलेली मेंढी उचलली काल, त्यानं असेल.

मी पोटावर हात ठेवला.
पोट दगड झालं.
भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.
सैल झालं.
पुन्हा दगड.
चार मिनिटं.

अ‍ॅलिस्टर दारातच, लोकरीची टोपी पिळत.
सप्टेंबर आहे, कोकरांचा महिना.
अपुऱ्या दिवसांचं पिल्लू श्वास कसा घेतं
हे त्याला कुणी सांगायला नको:
बरगड्या आत, अजून आत,
मग नुसताच गवताचा वास.

तर ऐक. ही गोळी खरी रक्तदाबाची.
तोंड लाल होईल, डोकं ठणकेल,
पण गर्भाशयाला ती खिडकीतल्या कारकुनासारखी सांगते,
आज नाही, उद्या या.
कधी ऐकतं, कधी ऐकत नाही.

हे इंजेक्शन मांडीत. दुसरं चोवीस तासांनी.
हे तुला नाही. तुझ्यातून नाळेत, नाळेतून खाली,
अंगठ्याएवढ्या दोन फुफ्फुसांना उठवायला,
आवरा रे, निघावं लागेलसं दिसतंय.

अ‍ॅलिस्टर, हे औषध आधी मेंढ्यांना दिलं होतं,
आपल्याच देशात, उत्तरेकडे, मी शाळेत होते तेव्हा.
जी कोकरं श्वास घ्यायला नको होती
ती घेत राहिली.
त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं.
टोपी डोक्यावर घातली, मग काढली.

माझी आईही सुईण होती.
तिच्या काळी शिरेतून दारू सोडत, खरंच, बाटली टांगून.
कळा मंदावत, बाई बरळायची,
वॉर्डभर पबचा वास.
पलंगाचे पाय विटांवर चढवत,
जणू बाळ उतारावरून घरंगळतंय.
आता विटा गेल्या. दारूही गेली.
घड्याळ तेवढं तेच.

थांबेल का, विचारलंस.
थांबवायचं औषध अजून कुणाला सापडलेलं नाही गं.
आहे ते लांबवायचं. दोन दिवस, फार तर.
लोक बसच्या रांगेतही म्हणतात, जरा कळ काढ.
मी मात्र तुला तेच शब्दशः सांगतेय:
ही कळ काढ. आणि हिच्यानंतरची.

पावणेचारला सलाईनमधून मॅग्नेशियम.
बाळाच्या मेंदूला सांभाळतं म्हणतात.
कुणीतरी आतून कढत पाणी ओतलं, असं म्हणालीस
आणि मला एक घाणेरडी शिवी दिलीस.
चांगलं वाटलं मला. गुडघ्यावर हातोडी मारली,
पाय उडाला. लिहिलं: उडाला.

डनिडनचं हेलिकॉप्टर धुक्यापलीकडे बसून होतं.
तिथे काचेची पेटी, उबदार, रिकामी, तयार.
मध्ये दोनशे किलोमीटर पांढरं काहीच नाही.
पाच वाजता कळा सात मिनिटांवर.
साडेपाचला नऊ.
आम्ही कुणी बोललो नाही, दृष्ट लागेल असं.

सहा चाळीसला टेकड्या दिसल्या, मग पंख्याचा आवाज,
कुंपणापाशी मेंढ्या चौखूर.
तुझ्या बाहीवर मी पट्टी चिकटवली:
दुसरं इंजेक्शन, आज रात्री दोन दहा.
त्यांच्या कागदांत सगळं होतंच.
तरी चिकटवली.

अ‍ॅलिस्टर गाडीनं निघाला. आधी वाड्यावर,
एक मेंढी अडलीय म्हणाला,
आणि म्हणताना त्याचाच आवाज अडला.

रात्री दोन दहाला मी घरी जागी होते.
सुट्टी होती. चहा निवत होता.
आत्ता कुणीतरी सुई टोचत असेल,
तू शिवी देत असशील,
की ते सगळं मागेच पडलं, आणि तू
काचेतून बोट घालून बसली आहेस?
फोन वाजला नाही.
या कामात न वाजलेला फोन
काहीच सांगत नाही, तरी मी तो चांगलाच धरते.

तुझे बूट दवाखान्यातच राहिलेत.
चिखल वाळलाय. झाडला नाही.
येशील तेव्हा घेऊन जा.